न प्यालेली दारू

खदानीत एक रीत होती. ती कुणी कुणाला शिकवत नसे, तरी नवा माणूस महिन्याभरात शिकायचा. कामावर कुणाचं काही बिघडलं, शिवी गेली, हात उचलला गेला, कुणी झोपलेला सापडला, की जोडीदारांनी पुढं व्हायचं आणि सांगायचं, "पेला आहे, साहेब." तेवढ्यानं भागायचं. साहेब तापायचे, चार शब्द सुनावायचे, काही दिवस घरी बसवायचे आणि प्रकरण मिटायचं. प्यालेला माणूस उतरली की पुन्हा माणूस होतो, असं सगळेच धरून चालत. पण ज्याचं डोकं फिरलं असं एकदा म्हटलं गेलं, त्याला पुन्हा खाली उतरू देत नसत. तो अनफिट. अनफिट म्हणजे काम गेलं, क्वार्टर गेलं, पोरांची शाळा गेली. म्हणून आमच्या भागात वेडं कुणी होतच नसे. राजुऱ्यापासून घुग्घुसपर्यंत सगळ्या खदानी धुंडाळल्या असत्या तरी एक वेडा सापडला नसता. बेवडे मात्र हवे तेवढे.

ही रीत माणुसकीची आहे असं आम्ही समजायचो. आजही कुणी तिचं कौतुक केलं की माझं डोकं तापतं. त्या रीतीनं माझा केसानं गळा कापला, आणि कापणारे सगळे माझेच होते.

आधी एक सांगून टाकतो. मी दारू प्यालेलो नाही. त्या दिवशी नाही, त्याआधी नाही, नंतरही नाही. हे मी इतक्या लोकांना इतक्यांदा सांगितलं आहे की आता सांगताना माझाच मला संशय येतो. आमच्या घरी दारूचा विषय गमतीतही कुणी काढत नसे. माझा बा सिंदेवाहीकडचा, धानाच्या बांध्यांत राबणारा. छप्पन साली चांद्याला दीक्षा घेऊन वस्तीत परतला आणि त्यानं पहिलं काम काय केलं, तर घरातली मोहाची दारू गाळायची मडकी अंगणात आणून फोडली. आधी स्वतःची, मग भावाची, मग शेजाऱ्यांची. शेजाऱ्यांनी त्याला चांगलं बडवलं, असं आई सांगायची. पण हळूहळू वस्तीतल्या साऱ्या भट्ट्या विझल्या आणि तेव्हापासून बाचा शब्द म्हणजे शब्द. लग्न जुळवायचं असो की बांधाचं भांडण असो, लोक त्याच्या ओट्यावर येऊन बसायचे. मी मॅट्रिक होऊन खदानीत लागलो तेव्हा त्यानं मला एकच गोष्ट सांगितली. "तिथी सारे पेतात. तू पेला असं मले कोनी येऊन सांगितलं, तं माह्या दारात येऊ नको."

खदानीत मी छत पाहायच्या कामावर होतो. सुरुंग उडवून कोळसा पाडला की धूर बसायची वाट पाहायची, आणि बाकीचे आत जायच्या आधी आम्ही दोघांनी आत जायचं. लांब लोखंडी सळईनं डोक्यावरचा दगड ठोकायचा आणि कान द्यायचा. टणक आवाज आला तर छत घट्ट. पोकळ आला तर दगड वरून सुटलेला आहे. तो पाडायचा, नाहीतर लाकडाचा टेका लावायचा. एकानं ठोकायचं, दुसऱ्यानं दिवा धरून भेगांवर नजर ठेवायची. ठोकणारा मी, दिवा धरणारा माझा जोडीदार. तो राजुऱ्याकडच्या कापूस पिकवणाऱ्या घरातला, माझ्याहून थोडा मोठा, म्हणून मी त्याला भाऊ म्हणायचो. आमच्या दोन क्वार्टरांमध्ये भिंत एकच होती. माझ्या मुलीला तो खांद्यावर बसवून बाजारात न्यायचा. त्याच्यावर माझा जीव होता, हे लिहायला मला लाज वाटत नाही. राग मात्र येतो.

एका थंडीत आमच्या शेजारच्या बोगद्यात छत खाली आलं. तिथलं ठोकणं आमच्याकडे नव्हतं, माणसंही आमची नव्हती. पण हाक आली तेव्हा जवळ आम्हीच होतो, म्हणून धावलो आणि दगड उपसू लागलो. एक जण जिवंत निघाला. दुसऱ्याचा आधी हात दिसला. तो हलत होता. मी तो धरला आणि बाकीचे उपसत राहिले, आणि आम्ही त्याच्यापर्यंत पोचायच्या आधी तो हलायचा थांबला. याहून वाईट पाहिलेले लोक खदानीत होते, आणि ते दुसऱ्या दिवशी डबा घेऊन कामावर यायचे. मीही गेलो.

बिघडलं ते घरी. जरा पाठ टेकली की क्वार्टरचा स्लॅब कडकडायचा. मी उठायचो, बांबू घ्यायचो, ठोकून पाहायचो. टणक. पुन्हा पडायचो, पुन्हा कडकड. आधी खोली ठोकली, मग स्वयंपाकघर, मग संडाससुद्धा. बायको म्हणायची, "शेजारी काय म्हनतीन?" शेजारी म्हणजे जोडीदारच. तो भिंतीपलीकडून ओरडायचा, "काऊन गा, उंदीर मारून राह्यला का?" त्यावर आम्ही तिघंही हसायचो. पुढे मी बायकोला आणि मुलीला घेऊन अंगणात झोपू लागलो. दवानं गोधड्या ओल्या व्हायच्या. मुलीला खोकला धरला. मला झोप आतही नव्हती आणि बाहेरही नव्हती.

त्याच सुमाराला आमच्या क्वार्टरांच्या लाइनीत पहिला टीव्ही आला होता, मुकादमाच्या घरी. रविवारी संध्याकाळी पिक्चर लागायचा आणि निम्मी लाइन त्या एका खोलीत कोंबलेली असायची. चित्र हललं की कुणीतरी स्लॅबवर चढून अँटेना फिरवायचा. त्या रविवारी जोडीदार चढला. वर त्याचे पाय वाजले आणि मी ताडकन उभा राहिलो. "निंगा! बाहेर निंगा सारेजन! छत येते!" मी बायकांना दंडाला धरून बाहेर काढलं, पोरांना उचलून दाराबाहेर ठेवलं, मुकादमाच्या म्हाताऱ्या आईला तर खाटेसकट ओढलं. पिक्चर ऐन रंगात होता. सगळे अंगणात, आत टीव्ही एकटाच गाणं म्हणतोय, आणि वरून जोडीदार वाकून विचारतोय, "आता दिसते का?" लोक खो-खो हसले. मीही हसायला गेलो आणि मला रडू फुटलं. मग हसणं थांबलं. मुकादमानं लगेच सांभाळून घेतलं. "जास्त झाली याले," म्हणाला. लोकांनीही माना डोलावल्या आणि आत जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर मी जोडीदाराला रेल्वेच्या साइडिंगकडे नेलं आणि होतं नव्हतं ते सगळं सांगितलं. तो हात सांगितला, कडकड सांगितली. बायकोला न सांगितलेलंही सांगितलं. "भाऊ, कोळशाची गाडी येते तवा वाटते, पुढं होऊन जावं. मंग सारं बंद होईल." तो बुटानं खडी उकरत राहिला. मग म्हणाला, "डाक्टरले दाखवू." मी म्हटलं, "मले डाक्टरसमोर बोलता नाई येनार. तोंड उघडलं की रडाले येते. तू सांग. जसं हाये तसं सांग, काई लपवू नको. काम गेलं तं जाऊ दे, मी गावी धान लावीन." त्यानं माझ्या मुलीची आण घेतली. "जसं हाये तसंच सांगीन," म्हणाला.

मला एवढंच हवं होतं. कुणातरी डॉक्टरनं माझ्याकडे पाहून म्हणावं की हे दुखणं आहे, आणि मला त्या छताखालून बाहेर काढावं. नोकरीचं मला काडीचंही पडलेलं नव्हतं. हे मी त्याला स्पष्ट बोललो होतो, म्हणून इथंही स्पष्ट लिहितो.

सुटीच्या दिवशी जायचं ठरलं होतं. तेवढा धीर मला निघाला नाही. मधल्याच एका सकाळी पहिल्या पाळीला सगळे खदानीच्या तोंडाशी जमले होते, आणि मी आडवे हात पसरून वाटेत उभा राहिलो. कुणी आत जायचं नाही म्हणालो. आधी लोकांनी थट्टा केली, मग बाजूला सारायला पाहिलं. पाळीचा मुख्य, ओव्हरमन आला. त्यानं खेकसायच्या आधीच मी खाली बसून त्याच्या पायांना मिठी मारली आणि ती सोडेना. चार जणांनी बोटं एकेक करून सोडवली. मग कंपनीची जीप बोलावली आणि त्याच चौघांनी मला दवाखान्यात नेलं. जीपमध्ये जोडीदार माझ्या शेजारी बसला होता. त्यानं माझा हात हातात घेतला होता. "मी आहो ना," म्हणाला. मला खरंच हायसं वाटलं. सुटीच्या दिवशीचं आजच होतंय, एवढंच, असं मनात आलं.

त्या दवाखान्याचं नाव लिहीत नाही. आता तिथं दुसरी माणसं असतील. कॅज्युअल्टी म्हणजे एक लांब खोली, लोखंडी खाटांची ओळ, दाराशी एक टेबल. पगार नुकताच झालेला होता, त्यामुळे अर्ध्या खाटांवर पिऊन आणलेले लोक होते. कुणाचं डोकं फुटलेलं, कुणी नुसताच आडवा. खोलीत ओकारीचा आणि फिनाइलचा वास कोंडला होता. डॉक्टर तरुण होता, चहा पीत होता. माणूस वाईट नव्हता. त्यानं कप बाजूला ठेवला, मला खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, "काय होतंय तुम्हाला?" त्यानं मला विचारलं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण त्यानंतर त्या खोलीत मला कुणीच काही विचारलं नाही.

मी तोंड उघडलं. शब्द फुटेना. मी जोडीदाराकडे पाहिलं, म्हणजे आता तू. तो पुढं झाला, डोक्यावरचं हेल्मेट काढून काखेत धरलं, आणि अगदी खणखणीत आवाजात म्हणाला, "काई नाई, साहेब. पेला आहे. जरा जास्त झाली."

तो कुणाबद्दल बोलतोय हे मला आधी कळलंच नाही. मी मागे वळून पाहिलं.

मग कळलं आणि माझं तोंड सुटलं. "मी पेलो नाई!" डॉक्टर थकल्यासारखा हसला. त्या खोलीत येणारा प्रत्येक जण पहिलं वाक्य हेच बोलत असणार. सिस्टरनं मात्र वाकून माझ्या तोंडाचा वास घेतला. "डॉक्टर, वास येत नाही," ती म्हणाली. मला वाटलं, सुटलो. जोडीदारानं पापणीही न हलवता सांगितलं, "सोप-इलायची खाऊन आला, सिस्टर. रोजचंच हाये त्याचं." मागचे चौघे जण मान डोलावू लागले. त्यांतल्या एकानं तर वर जोडून दिलं की काल आपण याला स्वतः उचलून घरी नेलं. एकीकडे पाच धडधाकट माणसं एकच बोलतायत, दुसरीकडे एक थरथरणारा माणूस दुसरंच. डॉक्टरनं कुणाचं ऐकावं?

मी सांगू लागलो आणि सगळं उलटंपालटं बाहेर आलं. आधी हात, मग टीव्ही, मग स्लॅब, मग पुन्हा हात. जितकं खरं सांगावं तितका मी जास्त प्यालेला दिसत होतो. बोलता बोलता माझी नजर वर गेली. त्या खोलीचं छत ओल येऊन फुगलं होतं. मी उठून सलाईनचा स्टँड उचलला आणि ठोकायला निघालो. ठोकून पाहिलं असतं तर शांत बसलो असतो, एवढंच माझ्या मनात होतं. "धरा त्याला," डॉक्टर ओरडला. धरलं कुणी? माझ्याच माणसांनी. जोडीदारानं मनगटं आवळली. वॉर्डबॉयनं बँडेजच्या पट्ट्यांनी दोन्ही हात खाटेला बांधले, पायही बांधले, आणि सलाईन लावलं.

सिस्टर भली होती. ती डॉक्टरला म्हणाली, "फार बेचैन आहे. झोपेचं इंजेक्शन देऊ या का?" कितीतरी रात्री मी ज्या झोपेसाठी तडफडत होतो ती त्या ट्रेमध्ये माझ्या हातभर अंतरावर होती. डॉक्टरनं मान हलवली. "दारूवर झोपेचं इंजेक्शन नको. श्वास थांबला तर निस्तरणार कोण? उतरेल आपोआप." मी जोडीदाराकडे पाहिलं. त्यानंही हे ऐकलं होतं. निदान आता तरी बोलेल, असं मला वाटलं. तो हेल्मेटच्या पट्ट्याशी चाळा करत राहिला आणि मग बाहेर व्हरांड्यात निघून गेला. नोकरी वाचवायला खोटं बोलला हे मी एखाद वेळी समजून घेईन. त्या क्षणाचं त्याचं गप्प राहणं मी समजून घेणार नाही.

ज्याचा कुठल्याच छतावर भरवसा उरलेला नाही, त्याला उताणं पाडून, हातपाय बांधून, फुगलेल्या छताखाली ठेवलं होतं. मी ओरडलो, मग विनवण्या केल्या. "मले बाहेर न्या. बांधूनच न्या, पन त्या झाडाखाली न्या." दारातून कडुनिंब दिसत होता. वॉर्डबॉय म्हणाला, "हाव, म्हंजे पळाले बरं." शेजारच्या खाटेवर डोक्याला पट्टी बांधलेला एक ट्रक ड्रायव्हर होता, घुग्घुसकडचा. तो माझ्याकडे कुशीवर वळला आणि मोठ्या आपुलकीनं म्हणाला, "पहिल्यांदा पेला का गा? घाबरू नको. पहिल्यांदा असंच होते. मले तं रेडे दिसले होते." त्यानं मला बरीच समजूत घातली, सुरुवातीला किती घ्यावी, वर काय खावं. त्या खोलीत माझ्याशी प्रेमानं बोललेला तोच एक.

ऊन चढल्यावर दारात बायको दिसली आणि तिच्या मागे बा. मी चमकलो. बा त्या दिवशी सकाळच्या बसनं नव्या धानाचे तांदूळ घेऊन नातीकडे आला होता. घरी आला तोच माझी बातमी ऐकून तिच्यासोबत इकडे निघाला. मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही. बाला कुणी फसवू शकत नव्हतं, आणि बासमोर खोटं बोलायची कुणाची छाती नव्हती.

पण ती दोघं आत यायच्या आधी जोडीदारानं माझ्या बायकोला व्हरांड्यात बाजूला घेतलं. मला शब्द ऐकू येत नव्हते, तोंडं दिसत होती. तो बोलत होता, ती नाही नाही म्हणत होती. मग तिनं पदराचा बोळा तोंडात धरला. मग तिची मान हलली.

बा खाटेशी येऊन उभा राहिला. हातात तांदळाची पिशवी होती. बांधलेल्या हातांकडे त्यानं पाहिलं. "बा, मी पेलो नाई," मी म्हणालो. "हे सारे खोटं बोलून राह्यले. मी आजारी हाओ. हिले विचारा. हिले ठाऊक आहे." बा तिच्याकडे वळला. बायको फरशीकडे पाहत म्हणाली, "पेले होते, मामाजी."

मी तिला काय काय बोललो ते लिहिणार नाही. ड्रायव्हरसुद्धा "हां हां, बाईमानसाले असं नको बोलू" म्हणाला. बा वाकला. त्याचा चेहरा माझ्या चेहऱ्याजवळ आला आणि तो बराच वेळ माझ्या डोळ्यांत पाहत राहिला. मीही पाहत राहिलो. मला अजून वाटत होतं, याला कळेल. मग तो सरळ झाला आणि डॉक्टरच्या टेबलाकडे गेला. "डाक्टरसाहेब," म्हणाला, "याले सोडू नका. बांधलेलाच ठेवा." आणि तांदळाची पिशवी तशीच हातात घेऊन तो निघून गेला.

संध्याकाळी 'उतरली' म्हणून मला सोडलं. ओव्हरमननं शिव्या दिल्या, साहेबांनी ताकीद दिली, काही दिवस घरी बसवलं. सगळं रीतीप्रमाणे पार पडलं. मग हातात पुन्हा सळई आली आणि मी पुन्हा खाली गेलो. त्यापुढचे दिवस कसे काढले ते विचारू नका. साइडिंगकडे मी एकटाच जाऊन उभा राहिलो आहे आणि परत आलो आहे. मुलीचा चेहरा आठवला म्हणून परतलो, असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल, पण कशामुळे परतलो ते मला ठाऊक नाही. शेवटी नातेवाइकाकडे लग्न आहे असं सांगून मी एकटा नागपूरला गेलो. तिथल्या डॉक्टरसमोर रडत रडत का होईना, स्वतःच सगळं बोललो. त्यानं मध्ये एकदाही तोडलं नाही. गोळ्या दिल्या. मी झोपलो. पुढे हातापाया पडून वरच्या दिव्यांच्या खोलीत बदली करून घेतली, खाली जाणाऱ्यांना बॅटऱ्या वाटायचं काम.

जोडीदाराला त्यात आपलं काही चुकलं असं कधीच वाटलं नाही. उलट आभारांची वाट पाहत होता. एकदा मी तोंडावर विचारलं तर म्हणाला, "नोकरी वाचवली ना गा तुही! माह्या जागी तू असता तं काय केलं असतं?" मी म्हटलं, तू माझ्या मुलीची आण घेतली होती. तो म्हणाला, "पोरीच्या पोटाचंच पाह्यलं मंग." त्यानंतर आम्ही एका भिंतीला पाठ लावून कितीतरी वर्षं राहिलो, पण मी त्याला भाऊ म्हटलं नाही. बायकोनं मात्र माझे पाय धरले. "तो म्हने, एक शब्द बोल, क्वार्टर वाचते," ती म्हणाली. तिला मी माफ केलं, असं मी तिला सांगितलं. पुरतं खरं नव्हतं ते. अजूनही एखाद्या साध्या गोष्टीवर ती "हो" म्हणाली की मी तिच्याकडे पाहतो.

बा आला नाही आणि मला त्यानं बोलावलं नाही. गावाकडून कानावर यायचं की म्हाताऱ्याच्या ओट्यावर आता कुणी बसायला येत नाही. वस्तीत कुणाला दारूवरून बोलला की लोक म्हणत, आधी तुझ्या पोराचं पाहा. ते ऐकून माझा जीव तुटायचा. माझ्यापायी, आणि तेही खोट्यापायी, त्याची इज्जत मातीला मिळाली. निदान त्याला तरी खरं पटवून द्यायचं, एवढं एकच मी मनाशी धरून होतो. तेवढं झालं की माझं सगळं भरून येईल असं वाटायचं.

ऐंशीचं दशक संपता संपता त्यानं अंथरूण धरलं. निरोप आला तसा मी गेलो. तो ओट्यावर खाटेवर पडला होता, दुपारचं ऊन पायांवर आलं होतं. मी खाट सावलीत ओढली, शेजारी बसलो आणि जे वर्षानुवर्षं घोकलं होतं ते बोललो. "बा, त्या दिवशी मी पेलो नवतो."

"मले मालूम हाये," बा म्हणाला.

मला वाटलं, त्याला नंतर कुणी सांगितलं असेल. मी विचारलं, कुणी सांगितलं?

"कोन सांगनार? मी पेलेल्या मानसाईत वाढलो. पेलेला मानूस कसा दिसते, मले नाई मालूम? तुहे डोळे पाह्यले, तवाच समजलं."

जोडीदार खोटं बोलला, बायको खोटं बोलली, हे मी कसंबसं पचवलं होतं. पचवलं कारण बा फसला होता. तोही माझ्यासारखाच फसवलेला, म्हणून आम्ही दोघं एका बाजूला आहोत, अशी मी इतकी वर्षं स्वतःची समजूत घालत होतो. "मंग?" मी विचारलं.

"दारू सुटते," तो म्हणाला. "म्या सोडली, वस्तीनं सोडली. दुसरं ते सुटत नाई. डोकं फिरलं म्हनलं की लोक जवळ बसू देत नाई, लेकराईलेही तेच नाव लागते. पेनारा पोरगा चालते. म्या माह्यं नाक कापून घेतलं, पन तुले वेडा म्हनू नाई देलं." बोलताना त्याच्या आवाजात जरा अभिमान होता. जोडीदाराच्या आवाजात होता तसाच.

"मंग डाक्टरले बांधलेलाच ठेवा, असं काऊन म्हनले?" मी विचारलं. "मी म्हनत होतो, झाडाखाली न्या. तेवढं तरी."

बानं माझ्याकडे पाहिलं. एवढं साधं कसं कळत नाही, असं त्याला वाटत असावं. "सोडलं असतं," तो म्हणाला, "तं तू साऱ्याईले खरं सांगत फिरला असता."

मग त्यानं पाणी मागितलं. मी आणून दिलं, त्याच्या मानेखाली हात घालून पाजलं, आणि दुपारच्याच बसनं परत निघालो. मी खरं बोलतोय हे त्या खोलीत एका माणसानं ओळखलं होतं, आणि मला बांधून ठेवायला त्यानंच सांगितलं होतं.